मधला मुक्काम

डॉ. आनंदीबाई जोशी ऑक्टोबर 1886 मध्ये न्यूयॉर्कहून घरी यायला निघाल्या तेव्हा क्षयाने त्यांचे शरीर पोखरले होते. अटलांटिक ओलांडून इंग्लंडात उतरायचे, तिथे जहाज बदलायचे आणि सुएझच्या कालव्यातून मुंबई गाठायची, असा तो मार्ग होता. नोव्हेंबरच्या मध्याला त्या मुंबईत पोचल्या. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या जाण्याची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. आजारी अंगाने, बोटी बदलत केलेल्या परतीच्या त्या आठवड्यांचे मोल मात्र आपण कधी नीट मोजले नाही.

तीस वर्षांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनहून परतले तेही तुकड्या-तुकड्यांनी. शिष्यवृत्तीची मुदत संपली होती, पहिले महायुद्ध पेटलेले होते. लंडनहून आगगाडीने मार्सेय आणि तिथून ‘कैसर-इ-हिंद’ बोटीने मुंबई. ऑगस्ट 1917 मध्ये ते पोचले, पण वेगळ्या जहाजाने पाठवलेले त्यांचे सामान पोचले नाही. ते जहाज पाणतीराने बुडवले आणि कष्टाने जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. पट्ट्यापाशी उभे राहून न आलेल्या बॅगेची वाट पाहणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याचे नुकसान याच्या पासंगालाही पुरणार नाही. पण घरी परतताना प्रवास मध्येच तुटतो, आणि त्या तुटलेल्या जागी माणूस एकटा पडतो, हा अनुभव आपल्याकडे दीडशे वर्षांचा जुना आहे.

प्रवास तुटत होता तो इंधनामुळे. मुंबईच्या गोदीत बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट 20 मार्च 1830 रोजी सुएझकडे निघाली, तेव्हा एडनपर्यंत पुरेल एवढा कोळसा तिच्या कोठारात मावेना, म्हणून माणसांच्या जागेतही कोळसाच रचावा लागला. महिन्याभराहून अधिक काळाने ती सुएझला पोचली. सुएझचा कालवा अजून व्हायचा होता. विलायतेहून येणारा प्रवासी अलेक्झांड्रियाला उतरे, कालव्याने आणि नाईलमधून कैरोला येई, तिथून वाळवंट तुडवत सुएझ आणि मग दुसरी बोट. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि हा उतरण्या-चढण्याचा व्याप सरला. तरी कोळशासाठी एडनला थांबणे उरलेच.

त्या बोटींवर वरच्या वर्गाला केबिन होती आणि बाकीच्यांना डेक. मुंबईहून कराचीमार्गे इराणच्या आखाताकडे जाणाऱ्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर हजारभर माणसे उघड्या डेकवर आपली वळकटी पसरून जात, कित्येक जण शिधाही बरोबर घेत. या मार्गावरची शेवटची बोट ‘द्वारका’ 1982 पर्यंत चालू होती. म्हणजे जंबो जेट मुंबईला येऊ लागल्यानंतरही दहा वर्षे आखातात कामाला गेलेली माणसे डेकवरून घरी येत होती. आणि बोटींवर काम करणाऱ्यांना तर दोन बोटींमधला काळ काढायलाच एखादी जागा लागे. गोव्याच्या गावांनी मुंबईत, धोबीतलावाच्या आसपास, आपापल्या गावच्या माणसांसाठी कूड उभे केले ते यातूनच. पुढची बोट मिळेपर्यंत खलाशी, बटलर, आचारी तिथे राहत. एक खाट किंवा नुसती पथारी, एक पेटी, संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना. मधल्या मुक्कामाची जबाबदारी गावाने स्वतःवर घेतली होती.

आणखी एक गोष्ट आज मुद्दाम आठवायला हवी. डेकवरच्या या माणसांसाठी कायदा होता. 1887 च्या ‘नेटिव्ह पॅसेंजर शिप्स अ‍ॅक्ट’ने प्रत्येक उतारूला किती जागा मिळाली पाहिजे, पाणी आणि अन्नाची काय सोय असली पाहिजे, याचे नियम घालून दिले होते. सरकार परके होते, कायद्याच्या नावातच भेदभाव होता आणि कागदावरचे सगळे डेकवर उतरत होते असे कोणी म्हणणार नाही. पण सर्वांत स्वस्त तिकीट काढणाऱ्या माणसाच्या अंगाला किती जागा लागते, हे कंपनीच्या मर्जीवर सोडता येत नाही, एवढे तत्त्व एकोणिसाव्या शतकातल्या त्या सरकारलाही मान्य करावे लागले होते.

विमान आले तेव्हा ते श्रीमंतांचे होते. 8 जून 1948 च्या रात्री एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघाले. त्यात 35 प्रवासी होते, कैरो आणि जिनिव्हाला मुक्काम होते आणि ते 10 जूनच्या सकाळी लंडनला उतरले. विमानातला खालचा वर्ग नंतर जन्माला आला. अटलांटिकवर 1952 मध्ये टूरिस्ट वर्ग सुरू झाला आणि 1958 मध्ये त्याहून स्वस्त असा इकॉनॉमी. मग जेट विमाने आली, 1971 मध्ये एअर इंडियाचे पहिले जंबो आले, इंजिनांचा पल्ला वाढत गेला. 2007 पर्यंत मुंबईहून निघालेले विमान कुठेही न थांबता थेट न्यूयॉर्कला जाऊ लागले होते.

इंधनाने लादलेला मुक्काम तेव्हा संपायला हवा होता, पण तो वाढला. याचे उत्तर यंत्रशास्त्रात सापडत नाही, ते करारांत आणि हिशेबांत आहे. 1944 च्या शिकागो परिषदेतल्या करारानुसार आकाश हे ज्या त्या देशाचे मानले जाते. कोणत्या देशाच्या विमानांनी दुसऱ्या देशात आठवड्याला किती जागा न्यायच्या, हे दोन सरकारे बसून ठरवतात. यातून वाट काढली ती मध्यावर बसलेल्या छोट्या देशांनी. मुंबईचा प्रवासी आपल्या गावी उतरवायचा, न्यूयॉर्कचाही तिथेच उतरवायचा, आणि दोघांना पुढच्या विमानात बसवायचे. दोन्ही प्रवास कागदोपत्री त्या देशाचे स्वतःचेच. पन्नास शहरांतून आलेली विमाने एका तासा-दोन तासांत उतरली आणि पुढच्या दोन तासांत पुन्हा उडाली की हजारो जोड्या तयार होतात. मुंबई ते न्यूयॉर्क थेट जाणारे तीनशे प्रवासी रोज मिळवण्यापेक्षा हे सोपे, आणि म्हणून स्वस्त.

ज्या ठिकाणी हे घडले त्या आखाताशी मुंबईचे नाते जुने आहे. 1932 मध्ये लंडनहून कराचीला येणारी इम्पीरियल एअरवेजची विमाने शारजाला रात्र काढत, तिथे प्रवाशांसाठी विश्रामगृह बांधले होते. दुबईच्या बाजारात 1960 च्या दशकापर्यंत भारतीय रुपया चाले. 1985 च्या ऑक्टोबरात एमिरेट्स कंपनी सुरू झाली ती कराची, मुंबई आणि दिल्लीच्या उड्डाणांनी. एके काळी आखात मुंबईत येऊन बोट बदलत होते. आज मुंबई तिथे जाऊन विमान बदलते. यात कोणाचा कट नव्हता. त्यांनी धावपट्ट्या बांधल्या, आपण सांताक्रूझ आणि सहारवर दिवस काढले.

या व्यवस्थेने सामान्य माणसाला खूप दिले आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. थेट विमानाचे भाडे न परवडणाऱ्या नर्सला, ट्रक चालवणाऱ्याला, शिकायला गेलेल्या मुलीला वर्षा-दोन वर्षांनी आईचे तोंड पाहता येते ते कनेक्टिंग तिकिटामुळे. वडील गेल्याचा फोन आल्यावर त्याच रात्री निघता येते तेही बहुतेक वेळा असल्याच तिकिटावर. माझी तक्रार स्वस्त तिकिटाबद्दल नाही. ते स्वस्त करण्यासाठी जो खर्च वाचवला, तो कुठे गेला हे विचारायला हवे. तो प्रवाशाच्या शरीरावर आणि वेळेवर टाकला आहे.

मुलाकडे पाच-सहा महिने राहून अमेरिकेहून एकट्या परतणाऱ्या आजींना आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. बारा-तेरा तासांचे पहिले विमान, तिघांच्या रांगेत मधली जागा. शेजारच्याला उठवायचा संकोच, म्हणून त्या पाणी कमी पितात आणि जागेवरून उठत नाहीत. मुलाने व्हीलचेअर मागवलेली असते. बरेचदा पाय धड असतात. भीती असते ती भलामोठा विमानतळ, इंग्रजी सूचना आणि बदललेले गेट यांची. पर्समध्ये त्याने लिहून दिलेला कागद असतो: वर इंग्रजीत, परक्याला दाखवायला, आणि खाली मराठीत, स्वतःला धीर द्यायला. उतरल्यावर व्हीलचेअरवाल्यांना एका कोपऱ्यात ओळीने बसवतात. कोणी न्यायला येईपर्यंत स्वच्छतागृहात जाऊ की नको, या विचारात दोन तास जातात. विमानतळावरचे घड्याळ पहाटेचे तीन दाखवत असते. युरोपातल्या विमानतळांवरची रात्रीची बंधने आणि जगाच्या वेळांचा मेळ घालताना आखातातली गर्दीची वेळ मध्यरात्रीनंतर येते. ज्या वयात झोपेची मोडतोड सर्वांत कमी सोसते, त्याच वयाच्या माणसांच्या वाट्याला ही वेळ येते.

यातला धोका नुसत्या गैरसोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ हालचाल न करता प्रवास केला तर शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. एकंदर धोका लहान आहे, पण लागोपाठच्या प्रवासांनी तो वाढतो, आणि कनेक्टिंग प्रवास म्हणजे लागोपाठचाच प्रवास. दरम्यान जागा आखडत चालली आहे. बोइंग 777 हे विमान 1995 मध्ये सेवेत आले तेव्हा इकॉनॉमीत एका ओळीत नऊ आसने असणे ही सर्वसाधारण पद्धत होती. विमानाची रुंदी तीच राहिली आणि आता अनेक कंपन्या दहा बसवतात. आणीबाणीत सगळे प्रवासी 90 सेकंदांत बाहेर पडू शकतात का, हे विमानाला मान्यता देताना तपासले जाते. पंधरा तास बसणाऱ्याच्या गुडघ्यांना किती जागा हवी, याचे साऱ्या जगाला लागू असे एकही माप नाही. डेकवरच्या उतारूला 1887 मध्ये जे होते, ते इकॉनॉमीतल्या प्रवाशाला आजही नाही.

मधला मुक्काम मोडला की काय होते, तेही आपण पाहिले आहे. 1990 मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा तिथल्या भारतीयांना इराकमार्गे वाळवंटातून जॉर्डनची राजधानी अम्मान गाठावी लागली. तिथून एअर इंडियाने 488 उड्डाणे करून एक लाखाहून अधिक माणसे घरी आणली. तेव्हा सरकारने तो मुक्काम आपला मानला, म्हणून ती माणसे पोचली. मार्च 2020 मध्ये आकाश बंद झाले तेव्हा कित्येक जण मधल्याच विमानतळांवर अडकले, आणि ‘वंदे भारत’ची उड्डाणे सुरू व्हायला 7 मे उजाडला. 23 जून 2025 च्या रात्री कतारने आकाश बंद केले आणि दोहा गाठायला निघालेली विमाने वाटेतून वळली. त्याच वर्षी एप्रिलपासून पाकिस्तानचे आकाश बंद असल्याने अमेरिकेहून येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानांना इंधनासाठी व्हिएन्ना, कोपनहेगन असे थांबे घ्यावे लागले. कोळशासाठी एडनला थांबण्याचा काळ सरला असे समजून आपण निश्चिंत होतो.

युरोपात याला कायद्याचे उत्तर आहे. ब्रेमेनहून पॅरिस, तिथून साओ पावलो आणि मग पॅराग्वेची राजधानी असुन्सिऑन, अशा एकाच तिकिटावरच्या प्रवासात पहिले विमान अडीच तास उशिरा सुटले. पुढचे दोन्ही बदल हुकले आणि प्रवासी अकरा तास उशिरा पोचली. पहिल्या विमानाचा उशीर तीन तासांहून कमी आहे, म्हणून भरपाई लागू होत नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. युरोपीय न्यायालयाने 2013 मध्ये निकाल दिला की उशीर मोजायचा तो शेवटच्या मुक्कामी. माणूस घरी किती वाजता पोचला, हा प्रश्न त्या निकालाने मध्यभागी आणला. पण हे संरक्षण युरोपातून निघणाऱ्या किंवा युरोपीय कंपनीने युरोपात येणाऱ्या प्रवाशाला. शिकागोहून आखातामार्गे पुण्याच्या घरी येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. भारत 2009 मध्ये माँट्रियल करारात सामील झाला. त्यात उशिराची भरपाई आहे, पण शक्य ते सर्व केले हे कंपनीने दाखवून दिले की ती सुटते, आणि दोन खंडांवर पसरलेला दावा लढवायला इकॉनॉमीतला प्रवासी कुठून बळ आणणार?

आपल्या हातात एक साधन आहे आणि ते आपण वापरत नाही. दुबईशी असलेल्या करारानुसार दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे 65 हजार जागा मिळतात. त्या वाढवून द्याव्यात अशी मागणी तिकडून अनेक वर्षे होत आहे आणि आपल्या कंपन्यांच्या हितासाठी दिल्ली ती थोपवून धरते. या वाटाघाटींत जागा मोजल्या जातात, त्या जागांवर बसणाऱ्यांच्या हक्कांचे कलम कधी घातले जात नाही. ते घालावे. एका तिकिटावरचा उशीर शेवटच्या विमानतळावर मोजावा. मुक्काम ठरावीक तासांपलीकडे गेला तर आडवे होता येईल अशी जागा आणि जेवण ही कंपनीची मेहेरबानी न राहता बंधनकारक व्हावी. व्हीलचेअर मागितलेल्या प्रवाशाला ताटकळत ठेवण्याची कमाल मर्यादा ठरवावी. हुकलेल्या विमानासाठी रात्रभर अडकलेल्या भारतीय पारपत्रधारकाला हॉटेलपर्यंत जाण्याचा तात्पुरता परवाना विनाशुल्क मिळावा. नव्या जागा हव्या असतील तर या अटींवर घ्याव्यात.

आणि हे आपल्यालाही लागू करावे. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले, आणि मुंबई पुन्हा जगाची वाहन बदलण्याची जागा व्हावी अशी आकांक्षा बोलून दाखवली जात आहे. ती पुरी झाली तर नैरोबीहून बँकॉकला जाणारी एखादी आजी पहाटे तीनला उलव्याच्या त्या टर्मिनलमध्ये आपल्या नातवाने लिहून दिलेला कागद हातात धरून बसलेली असेल. तिच्यासाठीचे नियम ती येण्याआधी लिहून ठेवता येतील. विमान वाहतूक महासंचालनालयाला त्यासाठी संसदेची वाट पाहण्याचीही गरज नाही.