आकड्याचे मूळ विचारावे

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये, असे वाडवडील सांगून गेले. कोल्हापूरकरांनी मात्र व्यवहारात हा उपदेश फारसा मनावर घेतलेला नाही. गूळ कुठल्या गुऱ्हाळाचा, चप्पल कुणाच्या हातची, हे विचारल्याशिवाय इथला जाणता माणूस पैसे मोजत नाही. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानमध्ये कोल्हापुरीच्या धर्तीची चप्पल मिरवली आणि मूळ गावाचे नाव घेतले नाही, तेव्हा आपण सारे खवळलो. ते योग्यच होते. पण चपलेचे मूळ विचारणारे आपण स्वतःच्या आरोग्याविषयीच्या आकड्यांचे मूळ कधी विचारतो काय?

जिल्ह्यात इतक्या प्रसूती झाल्या, इतक्या बालकांना लस टोचली, असे आपण वाचतो. हा आकडा जन्मतो बहुधा आशाताईंच्या वहीत. तेथून तो उपकेंद्रातील परिचारिकेच्या रजिस्टरात, मग प्राथमिक आरोग्य केंद्रात, तालुक्याला, जिल्ह्याला आणि अखेर सरकारी संगणकात जातो. प्रत्येक पायरीवर बेरीज होते आणि बेरजेत माणूस गळतो. नोंद कुणी केली, डोळ्यांनी पाहून की ऐकून, त्याच दिवशी की महिनाअखेर, नंतर कुणी खोडली, यांतले काहीच वर पोचत नाही. पोचतो तो बिनमुळाचा आकडा. गावात कशाची किती गरज आहे, हे मात्र त्याच्यावरच ठरते.

मूळ हरवले की काय होते, हे कोल्हापूरने फार जवळून पाहिले आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे जिल्ह्यात मुली होत्या फक्त ८३९. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा केंद्राचा कायदा १९९४ चा. सोनोग्राफी का केली, हे सांगणारा ‘एफ’ नमुन्याचा अर्ज भरणे त्याने बंधनकारक केले. अर्ज भरले जात होते. पण ज्याने तपासणी केली त्यानेच ती कशासाठी केली हे लिहायचे, आणि ते ताडून पाहायला दुसरा पुरावा नाही, अशी स्थिती होती.

तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी या दुखण्यावर नेमके बोट ठेवले. अर्ज संगणकावरून भरण्याची आणि सोनोग्राफी यंत्राला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’ जोडण्याची मोहीम त्यांनी राबवली. पडद्यावरची चित्रे हे उपकरण साठवून ठेवते. म्हणजे लिहिलेली नोंद तिच्या उगमाशी ताडता येते. रेडिऑलॉजिस्टांच्या संघटनेने याला आव्हान दिले. रुग्णाच्या खासगीपणाचा मुद्दाही पुढे आला. २०११ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती याचिका फेटाळली. ही चित्रे बाहेर कुठे पाठवली जात नाहीत, यंत्राशीच राहतात, ही बाब न्यायालयाने ध्यानात घेतली. पुढे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले, की अर्जातील त्रुटी म्हणजे निव्वळ कारकुनी चूक नव्हे.

२०११ च्या जनगणनेत ८३९ चे ८६३ झाले. हे सारे त्या उपकरणाचे यश म्हणावे काय? इथेही मूळच पाहावे लागते. जनगणनेचा आकडा घरोघर मोजलेल्या, सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. नव्या उपकरणाच्या आधी जन्मलेली मुलेही त्यात आली. दरवर्षी जाहीर होणारे जन्माच्या वेळचे प्रमाण येते नोंदलेल्या जन्मांवरून. हे दोन आकडे शेजारी मांडून ‘मुली वाढल्या’ किंवा ‘घटल्या’ म्हणणे म्हणजे शेर आणि गज यांची बेरीज करणे.

मूळ शोधणे म्हणजे बाईच्या पोटावर पहारा बसवणे नव्हे, आणि आशाताईंच्या मानेवर आणखी एक वही ठेवणेही नव्हे. नोंद कुणी केली, कुणी बदलली, कुणी उघडून पाहिली, याची खूण प्रणालीने आपोआप ठेवावी. रुग्णाचे नाव झाकलेले राहावे; नोंद बदलणाऱ्याचे मात्र राहू नये.

आपल्या जुन्या दप्तराला हे कळत होते. गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीला लोक कोतवाल बुक म्हणत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी असली मोडी दप्तरे राज्यभर धुंडाळली गेली. त्या पिवळ्या पानाला आजही वजन आहे, कारण गाव, वर्ष आणि हस्ताक्षर ताडून पाहता येते.

आता १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाखाली घरोघरचे आरोग्याचे कागद एकत्र येत आहेत. पुढच्या वेळी दवाखान्यात गेलात, तर आपल्या फायलीवरचा रक्तगट तपासणीतून आला आहे, की कुणी तोंडी सांगितला म्हणून लिहिला आहे, एवढे जरूर विचारा. नदीचे आणि ऋषीचे राहू द्या. पण ज्या नोंदीवर उद्या आपल्या लेकीच्या उपचारात कुणी विसंबू शकते, तिचे मूळ विचारायला संकोच कसला?