आकडा लिहिला, पण डेटम लिहायचा राहिला



काढणीला आलेल्या दुसऱ्याच्या कांद्यात जेसीबी घालायची वेळ कुणावर येऊ नये. माझ्यावर आली, आणि चूक माझ्याच वहीतली होती.

आमची पाइपलाइन विहिरीपासून मळ्यापर्यंत दोघांच्या वावरातून जाते. टाकली तेव्हा प्रत्येक वळणाची अन् व्हॉल्वची जागा हातातल्या जीपीएसवर घेतली आणि वहीत लिहिली. यंत्र एका ओळखीच्या माणसाकडून एका दिवसापुरतं आणलं होतं. पुढं बांध सरकले, झाडं तुटली, व्हॉल्व मातीखाली गेला. मागच्या उन्हाळ्यात लाइन फुटली. वहीतले आकडे मोबाईलवर टाकले तर खूण पडली अण्णांच्या कांद्यात. आमचे नाना बांधावरून ओरडत होते, "अरे, लाइन तिकडून नाही, लिंबाच्या अंगानं गेलीय!" मी म्हणलं, नाना, सॅटेलाइट खोटं बोलत नाही. दोन वाफे उकरले, पाइप काही लागला नाही. शेवटी व्हॉल्व सापडला तिथून वायव्येला सव्वाशे-दीडशे मीटरवर, लिंबाजवळच. अण्णांना भरपाई दिली, पण दोन महिने त्यांनी चहाला हाक मारली नाही.

सॅटेलाइट खोटं बोललंच नव्हतं. त्या यंत्रात जुन्या टोपोशीटचं, म्हणजे 'इंडियन' डेटमचं सेटिंग होतं. माझा मोबाईल चालतो डब्ल्यूजीएस ८४ वर. आकडे तेच, पण मोजायची सुरुवात वेगळी.

डेटम म्हणजे काय, ते मला समजलं तसं सांगतो. मोजणीत आधी खुणेचा दगड ठरतो, मग साखळी पडते. दोघांनी दोन वेगळे दगड धरले तर दोघांचं माप बरोबर असूनही बांध जुळत नाही. पृथ्वीचंही तसंच. ती अगदी गोल नाही, म्हणून तिचा आकार कसा धरायचा आणि खुणेचा दगड कुठला, हे आधी ठरवावं लागतं. आपल्याकडच्या जुन्या टोपोशीटसाठी एव्हरेस्ट साहेबांचा १८३० चा आकार धरला होता आणि मुख्य खूण होती मध्य प्रदेशातल्या कल्याणपूरला. जीपीएसचा आकार वेगळा, आणि त्याचं मोजमाप धरतीच्या मध्यापासून. आमच्या नगरकडं या दोन्हींत सव्वाशे मीटरच्या वरच फरक पडतो. २००५ च्या नकाशा धोरणानंतर लोकांसाठीचे नवे नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आले, पण जुनी शीटं अजून कपाटात आहेत आणि जुनी सेटिंगं यंत्रात.

दुसरी चूक लिहिण्याच्या पद्धतीची, ती याहून मोठी. १९ अंश ३० मिनिटं म्हणजे १९.५ अंश, कारण अंशाची मिनिटं साठ. कुणी घाईत १९.३० लिहिलं की खूण २२ किलोमीटर दक्षिणेला गेली, म्हणजे तालुकाच बदलला. काही यंत्रं यूटीएममध्ये लाखांतले मीटर दाखवतात. त्यात झोन लिहावाच लागतो. आमचा ४३, नागपूर-चंद्रपूरकडचा ४४.

तिसरी गोष्ट बांधाची. डेटम चुकला तर सगळं वावर एका अंगाला सरकतं, क्षेत्र कमी-जास्त होत नाही. पण साध्या यंत्राची, मोबाईलची उघड्यावरही तीन ते पाच मीटर चूक धरूनच चालावं. एकराचं चौरस वावर म्हणजे बाजू साधारण ६४ मीटर. एका बाजूला तीन मीटर चुकलं की दोन गुंठ्यांच्या आसपास हिशेब हलतो. एवढ्या जमिनीवरून आपल्याकडं भाऊ भावाचं तोंड बघत नाही. म्हणून मोबाईल दाखवून शेजाऱ्याशी भांडू नका. बांधाचा वाद असेल तर सरकारी मोजणीच मागवा. तिचा रोव्हर वेगळा, त्याची चूक सेंटिमीटरात असते.

माझं म्हणणं कृषी सहायक आणि तज्ज्ञ मंडळींनाही आहे. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना धरतात. अडीच हेक्टरचा चौकोन म्हणजे बाजू १५८ मीटर. सव्वाशे-दीडशे मीटरची चूक झाली तर नमुना दुसऱ्याच चौकोनात जातो. मग माझ्या वावरात खत पडतं शेजारच्या मातीच्या हिशेबानं. नमुन्याच्या कागदावर अक्षांश-रेखांशाचा रकाना असतो, तसा डेटमचाही असावा, असं माझं मत आहे. डेटमशिवाय आकडा म्हणजे गट नंबर नसलेला सातबारा.

आता मी वहीत प्रत्येक आकड्यापुढं चार गोष्टी लिहितो: डेटम, लिहायची पद्धत, तारीख आणि यंत्रानं दाखवलेली चूक किती मीटर. दशांशात पाच घरं घेतो, पाचवं घर म्हणजे साधारण एक मीटर. यंत्र दुसऱ्याचं असलं तर आधी सेटिंग उघडून बघतो, आणि आपल्या विहिरीच्या कट्ट्यावर उभं राहून मोबाईलशी आकडा जुळतो का तपासतो. दहा मीटरच्या आत जुळला तरच पुढं.

आणि एक पाचवी गोष्टही लिहितो: जवळची पक्की खूण. "लिंबापासून पूर्वेला बारा पावलं." यंत्र बदलतं, सेटिंग बदलतं. नानांचं ऐकलं असतं तर अण्णांचा कांदा वाचला असता.