भाऊबंदकीचे गणित आणि दाव्याचे चिन्ह

१/ ‘क्रुसेडर किंग्ज ३’ खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम ऐकू येते. चाळीस वर्षे खपून राज्य उभारावे, राजाने डोळे मिटावेत आणि त्याच क्षणी ते राज्य तीन मुलांत वाटले जावे! वाटणीचा हा नियम अनेकांना खेळाचा दोष वाटतो. वस्तुतः या खेळातला सर्वांत खरा इतिहास तोच आहे. खोट आहे ती दुसरीकडे. #थ्रेड

२/ आधी नियम पाहू. स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स संस्थेचा हा खेळ २०२० साली आला. यात खेळाडू देश चालवत नाही, घराणे चालवतो. राजा मेला की त्याचा वारस हाच नवा नायक. आरंभीच्या काळात बहुतेक राज्यांना वाटणीचा कायदा लागू असतो : मुख्य पद व राजधानी थोरल्याला, उरलेल्या मुलखात धाकट्यांचा वाटा. बापाकडे दोन राज्यपदे असतील, तर धाकटा थेट स्वतंत्र राजा होऊन बसतो.

३/ युद्धाचा नियम याच नियमाला जोडलेला आहे. कारणाशिवाय स्वारी करता येत नाही. बहुधा त्या मुलखावर ‘दावा’ असावा लागतो. आणि असे कितीतरी दावे वारशातूनच जन्मतात. वाटणीत कमी मिळालेल्या मुलाकडे भावाच्या गादीवरचा दावा उरतो. एका राजाचा अंत्यविधी म्हणजे पुढच्या लढाईची पेरणी. मराठीत याला नेमका शब्द आहे : भाऊबंदकी.

४/ हे कल्पित नाही. खेळाचा एक आरंभ इ.स. ८६७ मधला आहे. तेव्हाच्या नकाशावर शार्लमेनच्या साम्राज्याचे तुकडे दिसतात आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचाच वंशज बसलेला दिसतो. हे साम्राज्य परकीय आक्रमणाने फुटले नव्हते. ते वाटण्यांनी फुटले.

५/ शार्लमेनचा मुलगा धर्मनिष्ठ लुई याने ८१७ मध्येच वारशाचा लेखी बंदोबस्त केला होता. थोरला लोथार सहसम्राट. पेपिन आणि लुई हे धाकटे त्याच्या वर्चस्वाखाली राजे. कागदावर सारे चोख होते. पण ८२३ मध्ये दुसऱ्या राणीला, ज्युडिथला, चार्ल्स झाला. त्याला वाटा द्यायचा तर आधीच्या वाटण्या मोडणे भाग होते.

६/ थोरले मुलगे बापावर उलटले. ८३३ मध्ये तर लुईचे सैन्य लढाईविनाच मुलांच्या छावणीत निघून गेले आणि सम्राट पदच्युत झाला. पुढे त्याला गादी परत मिळाली. पण ८४० मध्ये तो वारला आणि भाऊ भावांवर चालून गेले. ८४१ मध्ये फाँतन्वा येथे लोथारचा पराभव झाला. ८४३ च्या व्हर्दूनच्या तहाने साम्राज्याचे तीन भाग पडले.

७/ येथेही वाटणी थांबली नाही. ८५५ मध्ये लोथार मरताच त्याच्या मधल्या राज्याचे तीन मुलांत पुन्हा तीन तुकडे झाले. त्यांपैकी दुसऱ्या लोथारला पत्नी सोडून दुसऱ्या स्त्रीशी विवाह करायचा होता. पोपने नकार दिला. परिणामी तिच्यापासून झालेला मुलगा वारस ठरला नाही. ८६९ मध्ये हा लोथार वारला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या काकांनी ते राज्य आपसांत वाटून घेतले.

८/ म्हणजे वाटणीने चिडलेला खेळाडू जे अनुभवतो, तेच लुईने अनुभवले. राज्य ही राजाची घरची मालमत्ता होती, ‘राष्ट्र’ नव्हते. पाठ्यपुस्तकातल्या दहा पानांनी हे जितके समजत नाही, तितके आपले राज्य हातातून निसटताना समजते. हे श्रेय खेळाला निःसंशय द्यावे लागते.

९/ आता खोट. खेळात दावा ही निश्चित वस्तू आहे. नावापुढे चिन्ह दिसते : आहे किंवा नाही. राजा मरताच कायदा आपोआप लागू होतो. कोणी हरकत घेत नाही. युद्ध पेटते ते त्यानंतर. इतिहासात हा क्रम अनेकदा उलटा असे : आधी गादी, मग तिचे समर्थन.

१०/ इंग्लंडचेच पाहा. १०८७ मध्ये विजेता विल्यम मरताना नॉर्मंडी थोरल्या रॉबर्टकडे, इंग्लंड विल्यम रूफसकडे गेले आणि धाकट्या हेन्रीच्या वाट्याला केवळ पैसा आला. २ ऑगस्ट ११०० रोजी रूफस शिकारीत बाण लागून मेला. हेन्रीने विंचेस्टरचा खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला राज्याभिषेक करून घेतला. रॉबर्ट तेव्हा धर्मयुद्धावरून परतत होता. येथे निर्णय कायद्याने केला नाही, घोड्याच्या वेगाने केला. ११०६ मध्ये टिंशब्रे येथे रॉबर्ट पकडला गेला. मरेपर्यंत, म्हणजे १९३४ नव्हे तर ११३४ पर्यंत, तो धाकट्या भावाचा कैदी राहिला.

११/ खेळाच्या नकाशात भारतही आहे आणि कल्याणीचे चालुक्य हे उदाहरण आणखी बोलके आहे. १०६८ मध्ये पहिल्या सोमेश्वरानंतर थोरला मुलगा दुसरा सोमेश्वर गादीवर आला. १०७६ मध्ये धाकट्या विक्रमादित्याने त्याला दूर सारले आणि स्वतःच्या नावाचा शकही सुरू केला. पुढे त्याच्या दरबारी काश्मिरी कवी बिल्हणाने ‘विक्रमाङ्कदेवचरित’ रचले. त्यात नायक बापाने देऊ केलेले युवराजपद थोरल्यासाठी नाकारतो आणि अखेर शिवाच्या आज्ञेने राज्य घेतो. दावा असा सिद्ध झाला : विजयानंतर, काव्यातून.

१२/ खेळाला स्पष्ट नियम लागतात, हे मान्य. संदिग्ध कायद्यावर संगणक चालत नाही. पण या सोयीची किंमत तरुण वाचकाने ओळखली पाहिजे. दाव्याचे चिन्ह पाहण्याची सवय लागली, की विजेत्याने मागाहून लिहवून घेतलेला हक्कही जन्मसिद्ध वाटू लागतो. दरबारी कवीला नेमके हेच हवे होते.

१३/ म्हणून पुढच्या वेळी राज्याची तीन शकले झाली, तर खेळ बंद करू नये. तो इतिहास खराच आहे. शंका घ्यावी ती नावापुढच्या त्या चिन्हाबद्दल. हा हक्क कोणी लिहिला, आणि लढाईच्या आधी की नंतर? इतिहासाचा अभ्यास या प्रश्नापासून सुरू होतो.