रांग टाळायची किंमत

लेक अमेरिकेत आहे, तिने मे महिन्यात आई-बाबांना बोलावलंय. धाकटा बंगळुरूहून बायको-मुलांना घेऊन निघालाय. व्हिसा झाला, विमानाची तिकिटं झाली. आणि मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर प्रश्न येतो : "डिस्नेला जातोच आहोत, तर व्हीआयपी टूर घ्यायची का?" एकजण लिहितो, "आयुष्यात एकदाच जाणार, घेऊन टाकू." दुसरा लिहितो, "एवढ्या पैशात सगळ्यांची केरळ सहल होईल." मग आई लिहिते, "माझ्यासाठी उगाच खर्च नको," आणि विषय तिथेच अडकतो. तुमच्याही घरात हा वाद चालू असेल, तर आधी हिशेब मांडूया.

पैसे नेमके कशाचे?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचं उदाहरण घेऊ. १९७१ मध्ये सुरू झालेल्या या ठिकाणी आज चार मोठी थीम पार्क आहेत. तिथल्या खासगी व्हीआयपी टूरमध्ये तुमच्या कुटुंबाला स्वतंत्र गाइड मिळतो. तो तुम्हाला बहुतेक राइड्सना वेगळ्या, झटपट रांगेतून नेतो, एका पार्कमधून दुसऱ्यात गाडीने पोचवतो आणि दिवसाचा क्रम स्वतः आखतो. दर तासावर असतो. अलीकडच्या वर्षांत तो हंगामानुसार ताशी साधारण ४५० ते ९०० डॉलर राहिला आहे. किमान सात तास घ्यावे लागतात. एका गाइडबरोबर जास्तीत जास्त दहाजण. पार्कचं प्रवेश तिकीट यात धरलेलं नाही, ते वेगळं काढायचं.

डॉलर ९० रुपयांचा धरला, तर सर्वांत कमी दरानेही सात तासांचे २,८३,५०० रुपये होतात. सर्वांत महागड्या दिवसांत ५,६७,०००. दहाजण असाल तर कमी दराने माणशी २८,३५० रुपये पडतात. चौघंच असाल तर माणशी ७०,८७५. टूर तीच, गाइड तोच, फरक फक्त डोक्यांचा. म्हणून ग्रुपवर "घ्यायची का?" असं विचारण्याआधी "आपण किती जण?" हे विचारा.

आता या पैशात तुम्ही घेता काय? राइड तीच असते, गाइड असला म्हणून ती लांबत नाही. मिळतो तो रांगेतला वेळ, आणि 'आता कुठे जायचं' हे दिवसभर ठरवत बसण्यातून सुटका. दुसरी गोष्ट मोजता येत नाही, पण पहिली येते.

घरबसल्या करायचा हिशेब

डिस्नेच्या अधिकृत अ‍ॅपवर प्रत्येक राइडसाठी त्या क्षणी किती वेळ थांबावं लागतंय ते दिसतं. जाण्याआधीच्या काही आठवड्यांत, तुम्ही ज्या वारी जाणार त्याच वारी ते पाहा. फ्लोरिडात उन्हाळ्यात सकाळचे अकरा वाजतात, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात (हिवाळ्यात साडेनऊ). म्हणजे जेवणं उरकली की पाहता येईल. तुमच्या घरच्यांना खरोखर हव्या असलेल्या सहा-सात राइड्सच निवडा आणि त्यांच्या प्रतीक्षेची बेरीज करा. गर्दी वाढलेली असेल, तर ही बेरीज मोठी निघेल. शाळा सुरू असतानाचा साधा मंगळवार असेल, तर ती बरीच कमी असू शकेल.

समजा, बेरीज पाच तास आली. दहाच्या दहाजण राइडमध्ये बसणार असतील, तर मिळून पन्नास तासांचं उभं राहणं वाचलं. सर्वांत कमी दराने माणसाच्या एका तासाला ५,६७० रुपये पडले. पण दहांपैकी आजी-आजोबा, गुडघेदुखीवाल्या मावशी आणि दीड वर्षाचं बाळ त्या राइड्समध्ये बसणारच नसतील, तर वाचले तीसच तास, आणि तासाला ९,४५० रुपये. चौघांच्या कुटुंबाला हाच तास १४,१७५ रुपयांना पडतो. हा आकडा कागदावर लिहा आणि सगळ्यांना दाखवा. "आयुष्यात एकदाच" म्हणणाऱ्यालाही आणि "केरळ सहल" म्हणणाऱ्यालाही.

आईच्या गुडघ्यांसाठी?

बहुतेक घरांत शेवटी टूर घेतली जाते ती एका कारणासाठी : "आई-बाबांना उभं राहवणार नाही." भावना चांगली आहे, पण इथेच नीट विचार करा. ही टूर उभं राहणं वाचवते, चालणं फारसं नाही. गाडी तुम्हाला एका पार्कमधून दुसऱ्यात नेते. पार्कच्या आत, एका राइडपासून दुसरीपर्यंत पायीच जायचं असतं. उलट, रांगा नसल्यामुळे मधली विश्रांतीही जाते. एक झाली की लगेच दुसरी.

शिवाय मीटर चालू असतो. तासाला ४०,५०० रुपये मोजत असाल, तर सावलीतल्या बाकावर अर्धा तास बसणं वीस हजारांना पडलं. आईला हे कळल्यावर ती बसेल का? ती म्हणेल, "मी ठीक आहे, चला तुम्ही." आणि संध्याकाळी हॉटेलवर पाय धरून बसेल. ज्यांच्यासाठी खर्च केला, त्यांचाच दिवस सर्वांत दमवणारा ठरतो.

म्हातारी माणसं सोबत असतील, तर आधी व्हीलचेअरचा विचार करा. पार्कमध्ये ती दिवसाच्या भाड्याने मिळते आणि टूरच्या तुलनेत ते भाडं किरकोळ असतं. "मी काय आजारी आहे का?" असं आजोबा म्हणतील, पण तिथे व्हीलचेअरवरची माणसं जागोजागी दिसतात. दुपारी दोन-तीन तास हॉटेलवर परतून झोप काढणं आणि ऊन उतरल्यावर पुन्हा जाणं, हा तर त्याहून चांगला उपाय. सात तासांच्या सलग टूरमध्ये अशी झोप परवडत नाही.

टूर घ्यायचीच असेल, तर गाइडला सकाळीच स्पष्ट सांगा : किती वाजता बसायचं, किती वाजता जेवायचं, कोण कुठल्या राइडला जाणार नाही. दिवस त्याने आखायचा, पण वेग तुम्ही ठरवायचा.

आधीच्या पायऱ्या

व्हीआयपी टूर ही शेवटची पायरी आहे. तिच्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत, आणि त्यातल्या काही फुकट आहेत.

पहिली, लवकर पोचणं. डिस्नेच्या हॉटेलांत राहणाऱ्यांना पार्कमध्ये अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. सर्वांत गर्दीची राइड त्या अर्ध्या तासात उरकता येते.

दुसरी, 'रायडर स्विच'. लहान मूल उंचीच्या अटीमुळे बसू शकत नसेल, तर आई राइडला जाते, बाबा मुलाला घेऊन बाहेर थांबतात, आणि मग बाबांना पुन्हा पूर्ण रांग न लावता जाता येतं. यासाठी वेगळे पैसे नाहीत. आणि हे लक्षात ठेवा, की उंचीची अट व्हीआयपींनाही लागू असते. स्पेस माउंटनला ११२ सेंटिमीटर उंची लागते. गाइड कितीही मोठा असला, तरी तो नातवाची उंची वाढवू शकत नाही. निघण्याआधी दाराच्या चौकटीला उभं करून मुलांची उंची मोजा. रडारड वाचेल.

तिसरी, 'सिंगल रायडर' रांग. ठरावीक राइड्सना ती असते. एकेकट्याने बसायची तयारी असेल, तर रिकाम्या राहिलेल्या खुर्चीवर लवकर नंबर लागतो. कॉलेजातल्या मुलांसाठी उत्तम.

चौथी पायरी पैशांची : डिस्नेचा लायटनिंग लेन पास. माणशी घ्यायचा असतो आणि किंमत तारखेनुसार बदलते, पण टूरपुढे ती रक्कम अगदी लहान आहे. जे राइडमध्ये बसणार, त्यांच्यापुरताच घेता येतो, हा याचा मोठा फायदा. ऑरलँडोच्या युनिव्हर्सलमध्ये अशाच पासाला 'एक्स्प्रेस' म्हणतात. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या हॉटेलांत राहणाऱ्यांना तो जुन्या दोन पार्कसाठी खोलीच्या भाड्यातच मिळतो. २०२५ मध्ये सुरू झालेल्या एपिक युनिव्हर्सला मात्र ही सवलत नाही.

चौघांच्या कुटुंबाला या चार पायऱ्या बहुतेक वेळा पुरतात.

जिथे रांगेत उभं राहूनही मिळत नाही

सगळ्या व्हीआयपी टूर एकाच मापाने मोजू नका. लॉस एंजेलिसजवळच्या युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडचा प्रकार वेगळा आहे. तो मुळात चालू स्टुडिओ. १९१५ मध्ये कार्ल लेम्लीने तो उघडला, तेव्हा मूकपटांचं चित्रीकरण बघायला लोकांना २५ सेंटमध्ये आत घेतलं जायचं. आजची स्टुडिओ टूर १९६४ पासून सुरू आहे आणि ट्रॅममधून होणारी ही सफर साध्या तिकिटातही असते. पण साध्या तिकिटावर तुम्ही ट्रॅममध्ये बसूनच बघता. व्हीआयपी टूरमध्ये गाइड तुम्हाला खाली उतरवतो, 'बॅक टू द फ्यूचर'मधल्या चौकासारख्या सेटवरून चालवतो, सिनेमातल्या वस्तूंचं कोठार दाखवतो. कुठे चित्रीकरण चालू आहे, त्यावर काय बघायला मिळेल हे ठरतं. प्रवेश तिकीट आणि जेवण त्यातच धरलेलं असतं. दर माणशी असतो आणि गट इतर पर्यटकांबरोबर जुळवलेला.

म्हणजे इथे तुम्ही वेळ विकत घेत नाही. रांगेत कितीही उभं राहिलात, तरी साध्या तिकिटावर न मिळणारी गोष्ट विकत घेता. घरात सिनेमावेडं कोणी असेल, तर त्या एका-दोघांसाठी हे पैसे वसूल आहेत. सगळ्यांनी जायची सक्ती नाही. दर माणशी असल्यामुळे राइडमध्ये न बसणाऱ्या आजीचेही पूर्ण पैसे पडतात. डिस्नेच्या टूरमध्ये मात्र गटाचाच दर असल्याने दहाच्या आत आजीसाठी टूरचे वेगळे पैसे पडत नाहीत. लहान मुलांसाठी वयाची अटही आधी पाहून घ्या.

हाच नियम आपल्याकडेही लावा. वंडरलाच्या पार्कमध्ये 'फास्टट्रॅक' तिकीट मिळतं, ते फक्त वेळ वाचवतं. सुट्टीच्या रविवारी घ्या, साध्या वारी गरज नाही. हैदराबादच्या रामोजी फिल्मसिटीत साध्या तिकिटातही गाइडसह बसने फिरवतात. महागड्या पॅकेजमध्ये वातानुकूलित बस आणि जेवण मिळतं. एप्रिल-मेच्या उन्हात आई-बाबांना घेऊन जाणार असाल, तर तिथे हे जास्तीचे पैसे खुशाल द्या. सावली आणि बसायची जागा विकत मिळत असेल, तर ती घ्यावीच.

मुलं विचारतील तेव्हा

एक प्रश्न पैशांच्या पलीकडचा आहे. सात-आठ वर्षांचं मूल विचारतंच, "आपण त्या सगळ्यांच्या पुढे का जातोय?" देवळातही आपण हे पाहतो. तिरुपतीला ३०० रुपयांचं वेगळं दर्शन असतं, आणि पंढरपूरच्या दर्शनबारीत तासन्‌तास उभी राहणारी माणसंही असतात. डिस्नेमध्ये १९९९ मध्ये रांग टाळायची पहिली सोय आली, ती सगळ्यांना मोफत होती. २०२१ पासून तिला पैसे लागू लागले. झटपट रांगेतून जितकी जास्त माणसं जातात, तितकी साधी रांग हळू सरकते, हे खरं आहे.

याचा अर्थ पास घेऊच नये असा नाही. पण मुलाला खोटं सांगू नका. "आपण जास्त पैसे दिले, म्हणून पुढे जातोय. ते पैसे साठवायला आपल्याला वेळ लागला. आणि रांगेतल्या लोकांपेक्षा आपण मोठे नाही," एवढं सांगितलं तरी पुरे. आणि एखाद्या राइडला मुद्दाम साध्या रांगेतून जा. हॅरी पॉटरच्या राइडची रांग हॉगवर्ट्सच्या किल्ल्याच्या आतून जाते, बोलणारी चित्रं भेटतात. तिथून धावत जाण्यात मजा नाही.

एजंटला विचारायचे चार प्रश्न

ट्रॅव्हल एजंटच्या पॅकेजमध्ये 'व्हीआयपी' हा शब्द दिसला, की लगेच हो म्हणू नका. काही वेळा त्याचा अर्थ नुसता झटपट रांगेचा पास एवढाच असतो. लेखी विचारा : प्रवेश तिकीट धरलंय का? गाइड फक्त आमचा की इतरांबरोबर? किती तास? रद्द केलं तर किती कापणार? अमेरिकेत काही टूरमध्ये गाइडला टिप देण्याची पद्धत आहे, तीही हिशेबात धरा. शाकाहारी जेवण हवं असेल, तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

तर, घ्यायची का?

आठ-दहाजण असाल, बहुतेक सगळे राइडमध्ये बसणारे आणि भरभर चालणारे असतील, हाताशी एकच दिवस असेल आणि तोही ऐन गर्दीचा, तर डिस्नेची टूर घ्या आणि नंतर चुटपुट लावून घेऊ नका. चौघं असाल, तर पास घ्या, पहाटे उठा आणि उरलेल्या पैशात पार्कजवळच्या हॉटेलात एक रात्र जास्त राहा. आणि निमित्त आई-बाबांचं असेल, तर गाइडच्या आधी व्हीलचेअर, दुपारची झोप आणि घाई नसलेला दुसरा दिवस यांवर खर्च करा.