चाखणे आणि पिणे : एक प्रतिवाद



स्थानिक ब्रुअरींना भेट देऊन तेथील बिअर चाखणे म्हणजे मद्यपानाला दिलेले सभ्य नाव होय, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत एकांगी आहे. कारण काही पेयांची चव त्यांच्या निर्मितीची जागा पाहिल्याशिवाय उलगडत नाही. ब्रसेल्समधील कांतियों ही १९०० साली स्थापन झालेली आणि १९७८ पासून संग्रहालय म्हणूनही खुली असलेली ब्रुअरी याचे ठळक उदाहरण ठरावे. तेथील ‘लांबिक’ बिअरमध्ये किण्व, म्हणजे यीस्ट, बाहेरून घातले जात नाही. मोड आणून वाळवलेली बार्ली आणि कच्चा गहू यांचा उकळलेला अर्क माळ्यावरील तांब्याच्या उथळ, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवला जातो, आणि हवेतील सूक्ष्मजीवच त्याला आंबवतात. म्हणूनच हे काम केवळ थंडीच्या महिन्यांत चालते. पुढे ही बिअर ज्यांत मुरते त्या पिंपांवरची कोळिष्टकेही झाडली जात नाहीत, कारण कोळी तेथील कीटकांचा बंदोबस्त करतात. स्वच्छतेच्या रूढ कल्पनेला धक्का देणारी ही बाब पुस्तकात वाचून पटणे कठीण. पिंपातील लांबिक जवळजवळ फेसरहित आणि आंबट लागते, तर एक, दोन आणि तीन वर्षे मुरलेल्या लांबिकच्या मिश्रणातून बनणारी ‘ग्योझ’ बाटलीत पुन्हा आंबून फसफसते. दोन्हींचे चार-चार घोट शेजारी ठेवून चाखणाऱ्याला हा फरक जिभेवर कळतो, आणि त्यासाठी नशा येण्याइतके पिण्याची मुळीच गरज नसते.