पेपर आमचा, गुण खालांचे

गेल्या महिन्यात आम्ही खालांना केमोथेरपीसाठी घेऊन गेलो होतो. नर्सने एक छापील कागद दिला. गेल्या आठवड्यात ताण जाणवला का? काळजी वाटली का? चिडचिड झाली का? उदास वाटलं का? उत्तरं चारच : मुळीच नाही, थोडं, बरंच, खूप.

खालांना वाचता येत नाही, म्हणून आम्ही वाचलं. शेजारी त्यांचा मुलगा बसलेला. प्रत्येक प्रश्नाला खालांचं एकच उत्तर, "अल्हम्दुलिल्लाह, काही नाही." आम्हीही 'मुळीच नाही'वर खुणा करत गेलो.

रात्री त्या हळूच म्हणाल्या, "बेटा, झोपच लागत नाही. पोरासमोर कसं सांगू?"

ती ईओआरटीसी या युरोपीय संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली होती. ती मराठीतही आहे. त्यातले हे चार प्रश्न मनाचे. त्यांचे गुण ० ते १००. गुण जास्त म्हणजे मन सावरलेलं. आमच्या खुणांमुळे खालांना पूर्ण १०० मिळाले! डॉक्टरांना मदतीची गरज दिसणार कशी?

पुढच्या वेळी आम्ही मुलाला चहा आणायला पाठवलं. खाला बोलल्या, रडल्याही. डॉक्टरांनी त्यांना समुपदेशकाकडे पाठवलं.

आपण वर्गात मुलांना सांगतो, दुसऱ्याचा पेपर लिहू नका. इथेही तेच. प्रश्न वाचून दाखवावा, उत्तर रुग्णाचंच असू द्यावं. सब्र म्हणजे दुखणं लपवणं नव्हे. तापाचा आकडा आपण डॉक्टरांपासून लपवतो का? मग मनाचा का लपवावा?