टेन्शन नक्की कशाचं?

मराठी विभागासाठी लिहायचं म्हटल्यावर आधी एक खुलासा. मी केजीपासून बारावीपर्यंत कॉन्व्हेंटचा. माझं मराठी म्हणजे घरातलं, एसटीतलं आणि हॉस्टेलच्या मेसमधलं, त्यामुळे भाषा मधेच बोलीवर घसरेल, सांभाळून घ्या. दुसरा खुलासा : मी गे आहे. वर्गातल्या आठ-दहा जणांना हे माहीत होतं, बाकीच्यांना आता कळलं. चला, पुढे.

मित्रहो, विषय आहे गे मुलांच्या डोक्यातलं लैंगिक आजारांचं टेन्शन. आजार नव्हे, टेन्शन! आजारांवर दरवर्षी १ डिसेंबरला पोस्टर स्पर्धा होतेच. कवटी, साप, लाल रिबन, आणि खाली "एक चूक, आयुष्यभराची शिक्षा". अशा पोस्टरला बक्षीस मिळतं, टाळ्या पडतात, आणि ते बघणारा एखादा मुलगा रात्री खोलीत जाऊन मोबाईलच्या टॉर्चने स्वतःचा घसा तपासतो. त्या मुलाबद्दल कोणी लिहीत नाही.

आपल्या भाषेनेच या भीतीला खतपाणी घातलंय असं मला वाटतं. शाळेत हे सगळं इंग्रजीत होतं. "एसटीडी" अशी तीन अक्षरं, बायोलॉजीच्या पुस्तकात अर्धं पान, आणि मिस म्हणाल्या, "रीड इट अॅट होम." त्या तीन अक्षरांना ना वास ना रंग. पण रेल्वेच्या भिंतींवर चुन्याने लिहिलेला "गुप्तरोग" हा शब्द वाचला की पोटात गोळा येतो. रोगाच्या नावातच गुप्तता! मलेरियाला कोणी गुप्त म्हणत नाही. परमा, गरमी हे जुने शब्द तर आता फक्त शिवीसारखे उरलेत. ज्या भाषेत आपण घाबरतो त्याच भाषेत डॉक्टरांशी बोलायला शब्द नाहीत, अशी गंमत आहे.

आता मुद्द्यावर येतो. माझं मत असं की या टेन्शनमध्ये दोन वेगळ्या वायरी एकत्र पिळलेल्या आहेत. एक, "मला काही झालंय का?" आणि दुसरी, "माझं कळेल का?" पहिलीला तारीख आहे, चाचणी आहे, औषध आहे. दुसरीला यातलं काहीच नाही. आणि आपण दुसरीचा फॉल्ट पहिलीवर मीटर लावून शोधत बसतो.

माझ्या एका मित्राचं उदाहरण देतो (आपल्या कॉलेजचा नाही, उगाच अंदाज बांधू नका). त्याने पाच महिन्यांत चार वेळा एचआयव्हीची टेस्ट केली. चारही निगेटिव्ह. पहिल्या रिपोर्टने त्याला तीन आठवडे झोप लागली, दुसऱ्याने एक आठवडा, चौथ्याने फक्त त्या दिवशी संध्याकाळपर्यंत. मानेवरच्या गाठी चाचपायच्या, अंगावर पुरळ शोधायची, रात्री दोनला लक्षणं सर्च करायची. इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांना सांगायला नको, हा सरळ सरळ पॉझिटिव्ह फीडबॅक आहे. तपासलं की बरं वाटतं, बरं वाटलं म्हणून पुन्हा तपासावंसं वाटतं, आणि दरवेळी डोस कमी पडतो.

यातली पहिली टेस्ट तर त्याने घटनेनंतर आठव्याच दिवशी केली होती. सिस्टीम सेटल व्हायच्या आधी रीडिंग घेतलं तर ते रीडिंग कशाचं? एचआयव्हीच्या चाचणीलाही असा सेटलिंग टाइम असतो, त्याला विंडो पिरियड म्हणतात. लॅबमध्ये शिरेतल्या रक्तावर होणारी चौथ्या पिढीची चाचणी ४५ दिवसांनंतर भरवशाची, बोटाला टोचून होणारी रॅपिड अँटिबॉडी चाचणी ९० दिवसांनंतर. सिफिलिसची न दुखणारी जखम उमटायलाही १० ते ९० दिवस लागू शकतात. म्हणजे कॅलेंडरवर एकच तारीख लिहायची, त्या दिवशी जायचं, आणि तोपर्यंत कंडोम वापरायचा. मधल्या दिवसांत घशात टॉर्च मारून काहीही सिद्ध होत नाही. एचआयव्हीची सुरुवातीची लक्षणं आणि हॉस्टेलचा व्हायरल यांत तोंडाने सांगता येईल असा फरक नाही.

अपवाद एकच, आणि इथे मात्र घाई हवी. धोका खरोखर मोठा असेल, म्हणजे कंडोम फाटला वगैरे, तर ७२ तासांच्या आत पीईपी नावाचा २८ दिवसांचा गोळ्यांचा कोर्स सुरू करता येतो. जितकं लवकर तितकं चांगलं. त्यासाठी डॉक्टरकडे किंवा सरकारी रुग्णालयाच्या एआरटी केंद्रात जायचं. त्या ७२ तासांत काळजी करणं हे खरं कामाचं टेन्शन. त्यानंतरच्या तीन महिन्यांतलं टेन्शन बिनपगारी!

तर त्या मित्राला मी एकदा विचारलं, "समज, उद्या लस निघाली. एचआयव्ही जगातून गेला. मग तू निवांत?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मग घरी लग्नाचं काय सांगू?"

बघा! चार टेस्ट, रिक्षाभाडं, लॅबची बिलं, आणि प्रश्न रक्तात नव्हताच. त्याच्या डोक्यात "पॉझिटिव्ह रिपोर्ट" याचा अर्थ "आईला कळणं" असा होता. आजार त्याला एक वेळ चालला असता. (आईला अजून माहीत नाही. पण त्याने ताईला सांगितलंय, आणि पाचवी टेस्ट झालेली नाही. ताई काही फार समंजस वगैरे बोलली नाही. म्हणाली, "मला वाटलंच होतं. जेवलास का?")

भीतीचा दुसरा नमुना याच्या अगदी उलट. दुसरा एक ओळखीचा मुलगा टेस्टच करत नाही. "रिपोर्ट बघितला तर संपलंच," म्हणतो. एक चार वेळा जातो, एक कधीच जात नाही, आणि दोघांच्या मुळाशी भीती तीच. म्हणून कवटीवाल्या पोस्टरांवर माझा राग आहे. भीतीने माणूस सावध होतो हे अर्धंच खरं आहे, बऱ्याचदा तो फक्त लपतो.

"पण गे लोकांमध्ये प्रमाण जास्त आहे ना?" हो, आहे. नॅकोच्या २०१७ च्या पाहणीत पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण २.६९ टक्के निघालं, देशातल्या एकूण प्रौढांमध्ये ते ०.२ टक्क्याच्या आसपास असतं. दहा पटींहून जास्त. हे नाकारायचं कारण नाही. पण तोच आकडा उलटा वाचला तर शंभरातले सत्त्याण्णव निगेटिव्ह आहेत. जून १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पाच गे तरुणांच्या आजाराची पहिली नोंद छापली गेली, तेव्हापासून आम्हाला हा आजार आडनावासारखा चिकटलाय. भारतात मात्र १९८६ मध्ये पहिल्या केसेस मद्रासला स्त्रियांमध्ये सापडल्या होत्या, हे पोस्टरवर कधी दिसत नाही.

आणि समजा आलाच पॉझिटिव्ह, तर? २०१७ पासून आपल्याकडे निदान झालेल्या प्रत्येकाला सरकारी केंद्रात मोफत औषधं सुरू करण्याचं धोरण आहे. रोज नियमित गोळी घेतली की विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका कमी होतो, आणि तसा राहिला की लैंगिक संबंधातून दुसऱ्याला जात नाही. हे धीर देण्यासाठीचं वाक्य नाही. २०१९ मध्ये लॅन्सेटमध्ये छापलेल्या पार्टनर-टू अभ्यासात ७८२ गे जोडपी होती, एक जण औषधावर, एक निगेटिव्ह. कंडोमशिवाय सुमारे ७६,००० वेळा संबंध, आणि पॉझिटिव्ह जोडीदाराकडून झालेली लागण शून्य. शून्य म्हणजे शून्य. याशिवाय लागण होण्याआधीच घ्यायची प्रेप नावाची गोळी आहे, डॉक्टरांच्या सल्ल्याने. कावीळ बी आणि एचपीव्हीची लस आहे, मुलांनाही घेता येते. सुरुवातीचा सिफिलिस पेनिसिलिनच्या एका इंजेक्शनने बरा होतो. हे सगळं आपल्या कानावर न येता साप आणि कवटीच का येते, हा माझा प्रश्न आहे.

एक तांत्रिक गोष्ट मात्र लाज बाजूला ठेवून सांगतो. डॉक्टरला खरं सांगा. परमा आणि क्लॅमिडिया घशात किंवा गुदद्वारात असले तर बहुतेक वेळा लक्षणच नसतं, आणि फक्त लघवी तपासून ते सापडत नाहीत. चुकीच्या नोडवर प्रोब लावलात तर व्होल्टेज झिरोच दिसणार. पण डॉक्टरला सांगितलं आणि त्यांनी लेक्चर दिलं तर? मलाही मिळालंय. एका लॅबमधल्या माणसाने फॉर्म वाचून, "चांगल्या घरचे दिसता," असं म्हटलं होतं. मी रिपोर्ट घेतला आणि पुढच्या वेळी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत गेलो. तिथे एचआयव्हीची चाचणी फुकट होते, आधी आणि नंतर समुपदेशक बोलतात. माझ्या वेळच्या बाईंनी तर शेवटी आमच्या ब्रँचच्या प्लेसमेंटची चौकशी केली.

संबंध येत असतील तर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी, गाडीच्या सर्व्हिसिंगसारखी. किलोमीटर झाले की न्यायची, रोज कान लावून इंजिनाचा आवाज ऐकत बसायचं नाही. नवीन घटना नसेल तर नवीन टेस्ट नाही. तरीही रात्र जात नसेल तर ती मनाची तक्रार आहे, आणि तिलाही डॉक्टर असतो. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मराठीतही बोलतो. एचआयव्हीच्या शंकांसाठी १०९७.

"हे असलं कॉलेजच्या अंकात, तेही मराठीत?" असं म्हणणाऱ्यांना र. धों. कर्व्यांची आठवण करून देतो. गणिताचे प्राध्यापक! १९२७ ते १९५३ "समाजस्वास्थ्य" मासिक चालवलं, याच भाषेत, याच विषयांवर. वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून १९३४ मध्ये खटला झाला, त्यात समलैंगिकतेचाही प्रश्न होता, आणि त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आणि आम्हाला अजून शब्द सापडत नाहीत.

कायदाही आता आपल्या बाजूला आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ मधून आम्हाला बाहेर काढलं, आणि चारच दिवसांनी, १० सप्टेंबरला, २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा लागू झाला. संमतीशिवाय चाचणी नाही, संमतीशिवाय कोणाला सांगणं नाही, शिक्षणात आणि नोकरीत भेदभाव नाही.

शेवटी एनएसएसच्या मित्रांना एक विनंती. आपल्या रक्तदान शिबिरात फॉर्म सगळ्यांसमोर, एकाच लांब टेबलावर भरून घेतात. २०१७ च्या राष्ट्रीय नियमांनुसार पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष रक्तदान करू शकत नाहीत. या नियमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि माझ्या मते तो अन्यायाचा आहे, पण तो वेगळा लेख. आत्ताचा प्रॉब्लेम असा की रूममेट शेजारी बसून "ए, तू का नाही देत?" विचारतो, आणि मुलगा घाबरून "नाही" वर टिक करून आत जातो. काही जण तर फुकट टेस्ट होईल म्हणून रक्त देतात, विंडो पिरियडमध्ये! हे दुसऱ्याच्या जिवाशी खेळणं आहे. तेव्हा यंदा फॉर्म भरायला पडद्याआड एक खुर्ची ठेवा. "आज नाही देता येणार" एवढंच सांगून कोणालाही परत जाता येईल असं करा, कारण न विचारता. आणि त्या पडद्यामागे जवळच्या आयसीटीसीचा पत्ता आणि वेळ लिहिलेला एक साधा कागद चिकटवा. कवटी न काढता.